देवमाशाची शेपटी वाचताना

नागपुरात वाघाचे फोटो काढणारा माणूस शोधावा लागत नाही. ओळखीच्या प्रत्येक घोळक्यात एक तरी असतोच. शनिवार-रविवार पेंच, ताडोबा किंवा उमरेड-कऱ्हांडला, आणि सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर मोबाइल हातोहात फिरतो. "साइटिंग झाली का भाऊ?" हा पहिला प्रश्न. फोटो दिसला की लगेच दुसरा, "कोणता आहे हा?" मग कुणीतरी फोटो मोठा करतं, गालावरचे, कुशीवरचे पट्टे जुन्या फोटोशी ताडून बघतं आणि नाव सांगून मोकळं होतं.

ज्याला ही सवय आहे, त्याने एकदा तरी कॅमेरा घेऊन समुद्रावर जावं आणि देवमासे बघावेत, असं मला मनापासून वाटतं. समुद्र आपल्यापासून कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब आहे, हे खरंच. पण देवमाशांचा अभ्यास गेली पन्नास वर्षं ज्या पद्धतीवर उभा आहे ती आपल्या रोजच्या वापरातली आहे: एकेक प्राणी त्याच्या अंगावरच्या खुणांवरून ओळखायचा आणि त्याचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवायचा.

हंपबॅक जातीच्या देवमाशाची ओळख त्याच्या शेपटीच्या खालच्या बाजूवर असते. चार-पाच मीटर रुंद शेपटी, तिचे दोन पंखे आणि मधोमध खाच. कुणाची खालची बाजू जवळजवळ पांढरी, कुणाची पार काळी, बहुतेकांची काळ्या-पांढऱ्याची सरमिसळ. त्यावर पुढच्या आयुष्यात भर पडत जाते. अंगाला चिकटून बसणारे बार्नेकल हे कवचवाले जीव गळून पडले की त्यांच्या जागी गोल कडी उरतात. किलर व्हेल या शिकारी जातीनं लहानपणी धरलं असेल, तर दातांच्या समांतर रेघा राहतात. जाळ्याच्या दोरात अडकून सुटलेल्याच्या पंख्याला काप गेलेला असतो. मागची कड दातेरी असते, आणि ते दातेही प्रत्येकाचे निराळे. दोन हंपबॅकच्या शेपट्या शेजारी ठेवून शांतपणे बघितल्या, तर नवशिक्यालाही फरक कळतो.

१९७० च्या दशकात हे काम नीट सुरू झालं. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या कॉलेज ऑफ द अटलांटिकमध्ये उत्तर अटलांटिकमधल्या हंपबॅकच्या शेपट्यांचा संग्रह उभा राहिला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर संशोधक मायकेल बिग यांनी पाठीवरचा पर आणि त्यामागचा करडा डाग यांवरून किलर व्हेल एकेक करून ओळखायला घेतले. अर्जेंटिनात संशोधक रॉजर पेन यांनी राइट व्हेल या जातीच्या डोक्यावरच्या खरखरीत चट्ट्यांची मांडणी पकडली. निळ्या देवमाशाची ओळख मात्र कुशीवरच्या फिक्या-गडद ठिपक्यांत असते. त्यामुळे त्याचे डाव्या आणि उजव्या बाजूचे फोटो वेगवेगळे लागतात, अगदी वाघाच्या दोन कुशींसारखे.

पण शेपटीची खालची बाजू मुळात दिसते कशी? माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची आडवी असते आणि वर-खाली हलते, कारण त्याचे पूर्वज जमिनीवर चालणारे चार पायांचे सस्तन प्राणी होते. धावताना सस्तन प्राण्याचा कणा वर-खाली वाकतो, आणि पाण्यात गेल्यावरही तो तसाच वाकत राहिला. या पूर्वजांचे पुरावे आपल्याच उपखंडात सापडले आहेत. जम्मूतल्या कालाकोटजवळ मिळालेला इंडोह्युस हा सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, खुरांचा प्राणी देवमाशांचा जवळचा नातलग मानला जातो. कच्छमध्येही फार जुन्या देवमाशांचे जीवाश्म मिळाले आहेत. कणा असा वाकतो म्हणून खोल बुडी मारताना हंपबॅक पाठीची कमान करतो, डोकं खाली जातं, आणि मागून शेपटी सावकाश पाण्याबाहेर येऊन उभी राहते. तिची खालची बाजू तेव्हा मागे असलेल्या माणसाला पूर्ण दिसते. हे सगळं काही सेकंदांत आटपतं.

या काही सेकंदांची तयारी आधीपासून करावी लागते. जंगलात वाघाच्या आधी सांबराचा कॉल येतो, समुद्रात आधी ब्लो दिसतो. देवमासा कारंजासारखं पाणी उडवतो हा समज चुकीचा आहे. तो त्याचा उच्छ्वास असतो, उबदार ओलसर हवा जोरात बाहेर पडून झालेला फवारा. त्यावरून जातही सांगता येते. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ उभा, ९ मीटरपर्यंत उंच जातो. हंपबॅकचा बुटका आणि झुडपासारखा पसरट असतो. राइट व्हेलचा दोन फाट्यांचा, आणि स्पर्म व्हेलचा पुढे डावीकडे कललेला, कारण त्याची नाकपुडीच डोक्याच्या डाव्या टोकाला असते. वर आलेला देवमासा लगेच खोल जात नाही. काही श्वास घेतो, दर श्वासाला थोडा बुडून पुन्हा वर येतो. हे श्वास मोजत राहायचं. मग पाठीची कमान नेहमीपेक्षा जास्त उंच झाली, की कॅमेरा डोळ्याला लावूनच ठेवायचा. शेपटी गेल्यावर त्या जागी गुळगुळीत, बिनलाटांचा गोल उरतो. शेपटीच्या फटक्यानं खालचं पाणी वर ढकललं जातं आणि बारीक लाटा मोडतात, त्याचा तो ठसा. अनुभवी नावाडी अशा ठशांच्या ओळीवरून देवमासा कुठल्या दिशेनं चाललाय ते ओळखतात.

लेन्स आपल्याकडे असते तीच चालते, १००-४०० किंवा १५०-६०० मिलिमीटरची. जिप्सीतली बीनबॅग बोटीवर निरुपयोगी आहे, कारण बोट स्वतःच हलते. हातात धरूनच काम करायचं, शटर १/१००० च्या खाली येऊ द्यायचा नाही आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, ऑटोवर सोडायचा. खरी अडचण उजेडाची असते. चकाकणाऱ्या पाण्यामुळे कॅमेरा सगळं दृश्य काळोखं करून टाकतो, शेपटी नुसती काळी आकृती होते आणि जी नक्षी हवी होती तीच हरवते. म्हणून एक्स्पोजर थोडं वर घ्यावं, रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, न दाबलेली फाइल) ठेवावी, सूर्य पाठीमागे राहील अशी जागा नावाड्याकडून मागून घ्यावी. लेन्सवर खारं पाणी उडालं तर कोरड्या कापडानं पुसू नये, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्यानं ओलं केलेलं कापड फिरवावं.

सगळ्यांना हवी असते उडी. तीस टन वजनाचा प्राणी पाण्याबाहेर झेपावतो ते बघून कुणाचंही भान हरपेल. पण उडीच्या फोटोत बहुतेक वेळा शेपटीची खालची बाजू दिसतच नाही, आणि तो देवमासा कोण हे कळत नाही. देवमासा पाठ फिरवून जाताना काढलेला साधा फोटो अभ्यासकाच्या लेखी त्याहून मोलाचा असतो.

असाच एक फोटो २००१ मध्ये मादागास्करजवळ बोटीवरच्या एका पर्यटकानं काढला. पुढे तो फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर चढला. तिथे तो अभ्यासकांच्या नजरेस पडला आणि शेपटी जुळली ती १९९९ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर टिपलेल्या एका मादीशी. दोन्ही जागांमधलं अंतर ९,८०० किलोमीटरपेक्षा जास्त. २०१० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला, तेव्हा कुठल्याही सस्तन प्राण्याच्या इतक्या लांबच्या प्रवासाची नोंद नव्हती. २०२४ मध्ये तो विक्रमही मोडला. कोलंबियाच्या प्रशांत किनाऱ्यावर २०१३ आणि २०१७ मध्ये दिसलेला एक नर २०२२ मध्ये थेट झांजिबारजवळ सापडला, १३,०४६ किलोमीटर दूर, दुसऱ्या महासागरात. ही जुळणी हॅपीव्हेल या संकेतस्थळामुळे झाली. टेड चीझमन यांनी २०१५ मध्ये ते सुरू केलं. जगभरचे पर्यटक, नावाडी आणि संशोधक तिथे शेपट्यांचे फोटो देतात आणि संगणक ते जुन्या फोटोंशी ताडून बघतो.

त्याच फोटोंमधून एक वाईट बातमीही कळली. उत्तर प्रशांत महासागरात २०१२ मध्ये सुमारे ३३,५०० हंपबॅक होते. २०२१ पर्यंत ते सुमारे २६,६०० वर आले. शिकारबंदीनंतर वाढत चाललेली संख्या समुद्रातल्या उष्णतेच्या लाटेनं अशी खाली आणली, पाणी तापलं आणि खाद्य घटलं. सात हजार देवमासे कमी झाले हे कळलं, कारण हजारो लोकांनी वर्षानुवर्षं त्यांच्या शेपट्या टिपून ठेवल्या होत्या.

आपल्याकडून गाठायला सोयीची जागा म्हणजे श्रीलंकेच्या दक्षिण टोकाकडचं मिरिसा. तिथे खोल समुद्र किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो, म्हणून सकाळी निघून दुपारपर्यंत निळे देवमासे बघून परतता येतं. हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी वॉस यांनी हे देवमासे जगापुढे आणले. बाकी निळे देवमासे खाद्यासाठी थंड पाण्याकडे जातात, हे मात्र उबदार हिंदी महासागरातच राहून पोट भरतात. त्यांच्या वाटेवरूनच मोठ्या जहाजांचा रस्ता जातो आणि टकरीत देवमासे मरतात. २०२२ मध्ये एमएससी या जहाज कंपनीनं आपली जहाजं दक्षिणेकडून न्यायचं ठरवलं, याचा मला फार आनंद झाला होता.

पण मिरिसात जे दिसतं ते ताडोब्याच्या गर्दीतल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. एक ब्लो दिसला की चार दिशांनी बोटी सुटतात, कुणी समोरून वाट अडवतं, आणि देवमासा श्वास उरकून खाली जातो. प्रत्येक श्वास पुढच्या बुडीची शिदोरी असतो, तो तोडला तर त्याच्या खाण्यावर परिणाम होतो. अनेक देशांत १०० मीटर अंतराचा नियम आहे. नावाड्याला आधीच सांगावं: समोर जायचं नाही, बाजूनं तिरकं, मागे राहून, संथ. शेपटीचा चांगला फोटोही तिथूनच मिळतो. जवळ न्यायला जास्त पैसे देऊ करणारे पर्यटक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा मला खरोखर राग येतो.

अरबी समुद्राची गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. इथले हंपबॅक जगातल्या बाकी हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. पावसाळी वाऱ्यांनी ओमानच्या किनाऱ्याला खालचं थंड, खाद्यानं भरलेलं पाणी वर येतं आणि त्यावर ते जगतात. जनुकांच्या अभ्यासानुसार सुमारे ७०,००० वर्षं ते इतरांपासून वेगळे राहिले आहेत. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी बेकायदा शिकारीत त्यातले २४२ मारले. ओमानजवळ टिपलेल्या फोटोंवरून केलेला अंदाज शंभराच्या आतला आहे. २०१७ मध्ये त्यातल्या लुबान नावाच्या मादीला उपग्रह टॅग लावला. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याजवळ आली आणि तिथून खाली कन्याकुमारीकडे गेली. टिपेश्वरहून निघून २०१९ मध्ये ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचलेल्या कॉलरवाल्या 'वॉकर' वाघाचा नकाशा आपण जसा रोज बघत होतो, तसाच मी लुबानचा बघितला होता.

म्हणजे हे देवमासे आपल्या बाजूलाही येतात. कोकणात कुठलेही देवमासे आपल्याला बहुतेक वेळा किनाऱ्याला लागलेलेच दिसतात. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला आलेलं पिल्लू लोकांनी खूप धडपड करून समुद्रात नेलं, पण ते जगलं नाही. जिवंत देवमाशाचे आपल्या किनाऱ्यावरचे फोटो फारच थोडे आहेत.

म्हणून मालवण, तारकर्ली किंवा दापोलीला डॉल्फिन बघायला जाताना मोठी लेन्स बॅगेत राहू द्यावी. लांबवर ब्लो दिसला, तर नावाड्याला इंजिनाचा वेग कमी करायला सांगावं, पाठीचा पर आणि शेपटी जशी दिसेल तशी टिपावी, फोटो थोडा हलला तरी पुसून टाकू नये. अंधुक फोटोतही खाचेचा आकार ओळखता येतो. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, हे घरूनच बघून निघावं, आणि मोबाइलवर जागेची नोंद घ्यावी. तारीख आणि जागा नसेल, तर शेपटी जुळूनही तो प्राणी कुठून कुठे गेला ते सांगता येत नाही.