क्रेडिट कार्ड फसवणूक

क्रेडिट कार्ड फसवणूक : कार्डधारकाच्या संमतीविना, किंवा ती संमती लबाडीने मिळवून, त्याच्या कार्डावर केलेली खरेदी वा उचल. व्याख्येतला दुसरा भाग आज अधिक महत्त्वाचा झाला आहे. कार्ड खिशातच असते, ओटीपी मालकाच्याच फोनवर येतो, आणि तो चोराला देतो मालकच.

डेबिट कार्डातून जातो तो आपला पैसा. क्रेडिट कार्डातून बिल भरेपर्यंत जातो तो बँकेचा. त्यामुळे वाद घालायला थोडी सवड मिळते. मात्र चोराच्या हाती खात्यातली शिल्लक लागत नाही, अख्खी मर्यादा लागते. खात्यात १२ हजार असलेल्या माणसाच्या कार्डाची मर्यादा ३ लाख असू शकते.

जुनी पद्धत हातचलाखीची होती. कार्डामागच्या काळ्या चुंबकीय पट्टीवरची माहिती छोट्या यंत्राने उतरवून घ्यायची आणि कोऱ्या कार्डावर भरायची. याला स्किमिंग म्हणतात. हॉटेलात वेटर कार्ड घेऊन काउंटरमागे जाई, तेव्हा हे सहज साधे. रिझर्व्ह बँकेने २०१८ अखेरपर्यंत पट्टीवाल्या कार्डांऐवजी चिपची कार्डे देण्यास बँकांना सांगितले. चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, म्हणून तिची नक्कल पट्टीसारखी करता येत नाही. त्याआधी, २००९ पासून, देशातल्या ऑनलाइन खरेदीला दुसरी खातरजमा सक्तीची झाली होती. आपला ओटीपी त्यातून आला. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांच्या संकेतस्थळांना कार्डाचा क्रमांक जपून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या दुकानापुरताच चालणारा पर्यायी क्रमांक, ठेवावे लागते. परदेशी संकेतस्थळांवर मात्र अनेकदा ओटीपीविनाच पैसे कापले गेले आहेत. मध्यरात्री डॉलरमधला मेसेज येतो तो बहुधा याच वाटेने.

कुलूप असे पक्के होत गेले, तसा चोर किल्लीवाल्याशी बोलू लागला. बोलण्याच्या या धंद्याला ठाणे जिल्ह्यात जुनी ओळख आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे टाकले. तिथली पोरे अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या आयकर खात्याचे अधिकारी म्हणून फोन करत, अटकेची भीती घालत आणि गिफ्ट कार्डांचे क्रमांक वसूल करत. त्यात संगणक फोडण्याची कला नव्हती. उच्चार, लिहून दिलेले संवाद आणि समोरच्याला विचार करायला वेळ न देणे, एवढेच भांडवल होते. आज आपल्याला येणारे फोन याच शाळेतले आहेत.

इथल्या माणसाला गाठायचे तर इथलीच भीती लागते. ‘मागील बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ हा महावितरणच्या नावाने फिरणारा मेसेज ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून पनवेलपर्यंतच्या घरांना नेमका लागू पडतो, कारण इथे वीज महावितरणचीच आहे. पाइपच्या गॅसच्या नावानेही तसेच मेसेज येतात. दिलेल्या नंबरवर फोन केला की ‘फक्त दहा रुपये भरा’ म्हणून लिंक येते. त्या पानावर कार्डाचा क्रमांक, मुदत, सीव्हीव्ही (कार्डावरचा गुप्त तीन आकडी क्रमांक) भरला की दहाच्या जागी किती कापायचे ते पलीकडचा ठरवतो. कधी स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप उतरवायला लावतात, कधी ई-चलन किंवा लग्नपत्रिकेच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनवर थेट बसणारे अ‍ॅप, धाडतात. ती बसली की येणारे ओटीपी परस्पर तिकडे पोहोचू शकतात, आणि मग मालकाने तोंड न उघडताही काम होते.

बँकेच्या नावाने येणारा फोन अधिक गोड असतो : लिमिट वाढवून देतो, रिवॉर्ड पॉइंट आज संपतायत, कार्डावर विमा चालू झालाय तो बंद करायचा का? विश्वास बसावा म्हणून बोलणारा कार्डाचे पहिले चार-सहा आकडे वाचून दाखवतो. ते आकडे मुळात गुपित नसतात. ते बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात, आणि त्या प्रकारच्या सगळ्या कार्डांवर तेच असतात. नाव आणि मोबाइल नंबर तर सोसायटीच्या गेटवरच्या वहीतसुद्धा आपण रोज लिहून देतो.

बचावाचे सर्वांत चांगले साधन बँकेच्या अ‍ॅपमध्येच असते आणि ते फार कमी वापरले जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानुसार नवे कार्ड देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या यंत्रापुरतेच चालू येते. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार मालकाने चालू करायचे असतात. ते हवे तेव्हा बंद करता येतात, प्रत्येकाची मर्यादाही वेगळी ठेवता येते. परदेशी व्यवहाराचे बटण बंद असेल तर मध्यरात्रीचा तो डॉलरचा मेसेज येण्याचे मोठे दार बंद होते. टॅपची मर्यादाही पाहून ठेवावी, कारण ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. दुसरे साधन म्हणजे ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचणे. त्यात बहुधा रक्कम आणि दुकानाचे नाव असते. ‘विमा बंद करायचा’ ओटीपी म्हणून आलेल्या मेसेजात ४८ हजारांची खरेदी लिहिलेली असते, आणि आपण सहा आकड्यांपलीकडे नजर नेत नाही.

पैसे गेल्यावर पहिला तास मोलाचा. आधी अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक करावे, कार्डामागच्या नंबरवर बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा, आणि लगेच १९३० ही राष्ट्रीय हेल्पलाइन लावावी किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार टाकावी. पैसे वॉलेटमध्ये किंवा दुसऱ्याच्या नावाच्या, भाड्याने घेतलेल्या खात्यात असेपर्यंत ते गोठवता येतात; पुढे चार खात्यांत फुटले की मागोवा अवघड होतो. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नये, तिथेही खोटे नंबर पेरलेले सापडतात.

भरपाईचे गणित रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घातले. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चूक दोघांचीही नसून तिसरीकडेच असेल आणि ग्राहकाने ३ कामकाजी दिवसांत कळवले, तरी त्याला काही सोसावे लागत नाही. ४ ते ७ कामकाजी दिवस लावले तर ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावरच्या कार्डावर २५,०००. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून १० कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती परत जमा व्हावी आणि निकाल ९० दिवसांत लागावा, असेही त्यात आहे. जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला आहे. खरी मेख निष्काळजीपणाच्या कलमात आहे : ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. बोलण्यात गुंगवून काढून घेतलेल्या ओटीपीला निष्काळजीपणा म्हणावे का, हा प्रश्न उरतोच. बँका मात्र सरसकट तसेच म्हणतात, असा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून एपीके, स्क्रीन शेअरिंग, खोटी लिंक, जे घडले ते तक्रारीत वेळेसह लिहावे. नुसते ‘पैसे गेले’ पुरत नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पोलिसांकडे कुठे जायचे, यावर ठाणे-नवी मुंबई भागात हमखास घोळ होतो. ऐरोली, वाशी ठाणे जिल्ह्यात, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचे. पनवेल रायगड जिल्ह्यात, तेही नवी मुंबई आयुक्तालयातच. कल्याण, डोंबिवली, भिवंडी ठाणे आयुक्तालयात येतात. दोन्ही आयुक्तालयांत सायबर पोलीस ठाणी आहेत. हद्दीबाहेरच्या ठाण्यातही दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे. अशा गुन्ह्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ सी (दुसऱ्याची ओळख वापरणे), ६६ डी (तोतयेगिरीने फसवणे) आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू शकते.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. पलीकडचा स्वतःला सायबर अधिकारी किंवा वकील म्हणवतो, तुमची रक्कम गोठवली आहे, सोडवायला एवढी फी भरा, असे सांगतो. तीही फसवणूकच असते, आणि पहिल्याच टोळीकडची फसलेल्यांची यादी वापरून केलेली असू शकते.