जुन्या लष्करी ट्रकांवरचा लेख : आम्ही काय बदलतो, कशाला हात लावत नाही

गाडीचा नट न नट ओळखणारी माणसं तिच्यावर लिहायला बसली की घोडं अडतं. संग्रहासाठी, क्लबच्या पुस्तिकेसाठी किंवा कोशातल्या नोंदीसाठी लिहिलेला असा मजकूर आमच्या दादरच्या छोट्या कार्यालयात येतो. तो नेमका आणि वाचनीय करून परत देणं हे आमचं काम. त्यात काय येतं आणि काय येत नाही, हे काम देण्यापूर्वीच कळलेलं बरं.

आधी एक नमुना पाहा. तो आम्हीच रचला आहे, पण असली वाक्यं सर्रास येतात :

‘महायुद्धाचा कणा ठरलेला हा अडीच टन वजनाचा अजस्र जीएमसी ट्रक आपल्या दहा चाकांच्या बळावर कोणत्याही रस्त्यावरून लीलया धावत असे व त्याची प्रचंड प्रमाणात निर्मिती करण्यात आली होती.’

लेखकाला तपशील विचारून घेऊन आम्ही ते असं करून देऊ :

‘जीएमसी सीसीकेडब्ल्यू हा अमेरिकी सैन्याचा मालवाहू ट्रक. १९४१ ते १९४५ या काळात सर्व प्रकार मिळून तो पाच लाखांहून अधिक तयार झाला. खडबडीत वाटेवर ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो माल वाहण्याची त्याची क्षमता होती. पुढची दोन आणि मागची चार अशा सहाही चाकांना इंजिनची ताकद मिळे.’

विशेषणं गेली, त्याचं फार दुःख नको. खरी दुरुस्ती दोन ठिकाणी आहे. ‘अडीच टन’ हे ट्रकचं वजन नव्हे, मालाची क्षमता. रिकामा ट्रकच त्याच्या जवळपास दुप्पट भरतो. शिवाय तो टन अमेरिकी, २,००० पौंडांचा. याच लेखात पुढे कॅनडात बनलेला, ब्रिटिश पद्धतीचा तीन टनी ट्रक आला, तर त्याचा टन २,२४० पौंडांचा धरावा लागतो आणि क्षमता ३,०४८ किलो होते. दोन्ही ठिकाणी सरसकट हजार किलोने गुणलं की आकडे चुकलेच. दुसरी गोष्ट चाकांची. आपल्याकडे हायवेवर असल्या गाडीला ‘दहा टायरी’ म्हणतील, आणि टायर दहा असतातही. पण लष्करी नोंदीतल्या ६×६ मध्ये (एकूण चाकं सहा, इंजिनची ताकद मिळणारी सहा) मागच्या टायरांची प्रत्येक जोडी एकच चाक धरतात.

सगळ्यात जास्त वाद होतो तो जीपवरून. ट्रकांच्या लेखात जीप कशाला, असं विचारणाऱ्यांना सांगायला हवं की अमेरिकी सैन्याच्या वर्गवारीत ती पाव टनी ट्रकच होती. आणि मुंबईत पुष्कळ घरांतली जीप ‘आजोबांनी घेतलेली, युद्धातली’ असते! बॉनेट उंच असेल तर जरा थांबा. ती बहुधा सीजे-३बी, म्हणजे विलीज कंपनीची नागरी जीप आहे आणि ते मॉडेल १९५३ मध्ये आलं. युद्धकाळातलीच असेल, तर ती विलीजने बनवलेली की फोर्डने, हे चॅसिसवरून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरून बरंचसं कळतं : रेडिएटरखालचा आडवा दांडा विलीजचा गोल नळीचा, फोर्डचा उलट्या यू आकाराचा. लेखात ‘दोन्ही अगदी सारख्या’ असं आलं की समासात पेन्सिलीने आमचं प्रश्नचिन्ह पडतं. गाडीची घरातली कथा आम्ही कापत नाही. लिलावाची पावती किंवा सैन्याचा कागद असेल तर ती सरळ विधान म्हणून राहते, नसेल तर ‘कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार’ असं लिहून राहते.

‘मुंबईत बनलेली’ या शब्दांवरही आम्ही अडतो. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ मध्ये गाड्यांची जोडणी सुरू केली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने माझगावला विलीज जीपची आणि प्रीमियरने कुर्ल्याला डॉजची जोडणी सुरू केली. सुटे भाग बाहेरून आले आणि इथे जोडले गेले, तर तिथे ‘जोडणी’च लिहायचं. शक्तिमान या लष्करी ट्रकची गोष्ट आणखी वेगळी. जबलपूरला तयार झालेला तो जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्याखालचा. त्यामुळे नुसतं ‘भारतीय बनावटीचा’ लिहून भागत नाही, परवान्याचा उल्लेख हवाच.

फोटोंचं थोडक्यात. जीएमसीचं स्टिअरिंग डावीकडे, कॅनडाच्या त्या ट्रकांचं उजवीकडे. फोटोत उलटं दिसलं तर छपाईआधी तो आरशासारखा फिरला आहे का, ते आधी तपासतो.

आमच्या पदरचं एकही वाक्य आम्ही घालत नाही आणि विचारल्याशिवाय आकडा बदलत नाही. इंजिन बदललेलं असेल तर ते झाकूनही देत नाही. मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या कितीतरी जीपा आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग ‘संपूर्ण मूळ स्वरूपात’ हे शब्द गाळावे लागतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी अशी अट आहे. तेव्हा हे शब्द जपून वापरलेले बरे. आम्ही सुधारलेला लेख मात्र आरटीओत पुरावा म्हणून चालणार नाही. गाडी अस्सल आहे की नाही, हे आम्ही ठरवत नाही.

मजकुरासोबत डॅशबोर्डवरच्या डेटा प्लेटचा (गाडीची माहिती कोरलेल्या पट्टीचा) आणि चॅसिस नंबरचा स्पष्ट फोटो पाठवा. प्लेट रंगाखाली गेली असेल तर घासू नका, अक्षरं जातात. तिरपा उजेड टाकून फोटो काढा. आकडा कुठून घेतला हे त्याच्यासमोर लिहिलंत तर आमचे निम्मे फोन वाचतील. दर शब्दांवर आहे, पण मजकूर पाहिल्याशिवाय सांगत नाही, कारण कोणाचा लेख नुसता विंचरावा लागतो, तर कोणाचा उसवून शिवावा लागतो. हस्तलिखित चालेल. पीडीएफ शक्यतो नको, मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.