ई-पीक पाहणी

ई-पीक पाहणी म्हणजे शेतात उभे असलेले पीक शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून सातबाऱ्यावर नोंदवण्याची महाराष्ट्रातील पद्धत. 15 ऑगस्ट 2021 पासून ती राज्यभर लागू झाली. महसूल व कृषी विभागांच्या या प्रकल्पाचे मूळ ॲप टाटा ट्रस्ट्‌सने तयार करून दिले. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा’ हे तिचे घोषवाक्य.

सातबाऱ्यात दोन नमुने असतात. गाव नमुना सात जमीन कोणाची हे सांगतो, बारा त्या जमिनीत काय पिकले ते. पूर्वी नमुना बारा भरणे हे तलाठ्याचे काम असे. त्याने हंगामात गावात येऊन, शिवार फिरून पीक पाहावे आणि मग लिहावे, अशी नियमाची अपेक्षा. प्रत्यक्षात एका सज्जात, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात, अनेक गावे, गावात शेकडो गट (क्रमांक दिलेले जमिनीचे तुकडे) आणि हातात इतर दहा कामे. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी चावडीत बसून, गेल्या वर्षीच्या रकान्यावरून यंदाचा रकाना भरला जाई. तूर मोडून हरभरा केला तरी कागदावर तूरच राही. सातबारा संगणकावर आला तेव्हा नमुना सातचे बरेच शुद्धीकरण झाले, पण बाराचे दुखणे संगणकाने बरे होण्यासारखे नव्हते, कारण चूक लिहिण्यात नव्हती, पाहण्यात होती.

ॲपमध्ये मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून गाव आणि खातेदार निवडायचा, मग गट क्रमांक, हंगाम, पिकाचे नाव, क्षेत्र, सिंचनाचे साधन व लागवडीची तारीख भरायची आणि शेवटी पिकाचा फोटो काढायचा. मिश्र पीक, कायम पड, बांधावरची झाडे यांचीही सोय आहे. स्मार्टफोन नसलेल्याची नोंद शेजाऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवरून होते, कारण एका फोनवर अनेक खातेदार चालतात. चुकलेली नोंद 48 तासांच्या आत शेतकऱ्यालाच दुरुस्त करता येते. सर्वाधिक घोटाळा क्षेत्राच्या रकान्यात होतो. शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो आणि ॲप हेक्टर-आर मागते. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठा त्याहून किंचित मोठा, सुमारे 101 चौरस मीटर. दहा-वीस गुंठ्यांत हा फरक कोणाला जाणवत नाही, पण एकरच हेक्टर म्हणून भरला गेला की क्षेत्र अडीचपट होते.

खरिपाची नोंद साधारणपणे ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आणि रब्बीची डिसेंबरपासून होते. मुदतवाढ मात्र जवळजवळ ठरलेलीच, आणि शेवटच्या दिवसांत सगळे एकदम ॲप उघडतात तेव्हा सर्व्हर गुडघे टेकतो हेही नवे नाही. डोंगराळ भागात अडचण वेगळी: शेतात रेंज नाही आणि रेंज आहे तिथे शेत नाही. फोटो शेतातून काढून नोंद नंतर अपलोड करण्याची मुभा आहे ती त्यामुळेच.

रब्बी 2024 पासून राज्यात केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी जोडलेले नवे ॲप वापरात आले. यात गटाची सीमा नकाशावर असते आणि फोटो काढताना फोन त्या गटाच्या 50 मीटरच्या आत असावा लागतो. घरी बसून शेजाऱ्याच्या कपाशीचा फोटो चढवण्याची वाट त्यामुळे बुजली. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या गटांची नोंद गावपातळीवर नेमलेला सहायक करतो. म्हणजे नोंदीचे काम तलाठ्याकडून शेतकऱ्याकडे आले, आणि जे शेतकऱ्याला झेपले नाही ते पुन्हा दुसऱ्या माणसाकडे गेले.

पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाने खरेदी अशा प्रत्येक ठिकाणी नमुना बारा मागितला जातो. विम्याच्या अर्जात एक पीक आणि ई-पीक पाहणीत दुसरे, असे झाले की दावा अडकतो. 2023 च्या खरिपातील सोयाबीन व कापूस उत्पादकांना हेक्टरी 5000 रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याची योजना आली तेव्हा ई-पीक पाहणीची अट होती. नोंद राहिलेल्यांची संख्या आणि त्यांची ओरड पाहून पुढे ती शिथिल करावी लागली. ऐच्छिक वाटणारे ॲप किती सक्तीचे झाले आहे, हे अनेकांना तेव्हा कळले.

या पद्धतीचा खरा लाभ तारीख, जागा आणि फोटो एकत्र असलेल्या पुराव्याचा आहे. पूर आला किंवा गारपीट झाली, तर त्या गटात त्या दिवशी काय उभे होते हे वादाविना सांगता येते. पूर्वी हे पंचनाम्यातल्या शब्दावर असे.

उणीव ॲपच्या मुळातच आहे. ते सातबाऱ्यावरच्या नावाला ओळखते, नांगर धरणाऱ्याला नाही. बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्याने (ठरावीक रकमेवर) दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी बियाणे-खताचा खर्च करतो, फोटोतले पीक त्याचेच असते, पण नोंद मालकाच्या खात्यावर चढते आणि नुकसानीचे पैसेही मालकाच्याच बँक खात्यात जमा होतात. असे करार बहुधा तोंडी असतात आणि कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या धास्तीने मालक ते लिहून देत नाही. त्यामुळे भरपाईतला वाटा मालकाशी असलेल्या संबंधांवर अवलंबून राहतो.