गवताचं छप्पर बदलून पक्कं घर करायचंय? आधी घरकुलाची कागदपत्रं, मग मोडतोड

पावसाळ्याच्या तोंडावर शाकारणी आली की घरात दरवर्षी तोच विषय निघतो, यंदा परत गवत टाकायचं की एकदाचं पक्कंच करून घ्यायचं. पक्कं करायचं मनात असेल तर निदान वर्षभर आधीपासून तयारीला लागा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, म्हणजे आपण घरकुल म्हणतो ती, नुसतं छप्पर बदलायला पैसे देत नाही, स्वयंपाकाच्या जागेसकट किमान २५ चौरस मीटरचं अख्खं पक्कं घर बांधायला देते. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. संडासाचे १२ हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी मिळते ती पण वेगळी, म्हणून जॉबकार्ड नसेल तर ते आत्ताच काढून घ्या.

बसतं कोणाला? ज्यांना घरच नाही किंवा ज्यांचं एक-दोन खोल्यांचं घर आहे आणि भिंती पण कच्च्या, छप्पर पण कच्चं, त्यांना. कुडाच्या भिंती आणि वर गवत असेल तर त्यात आलात. कुटुंबात कोणाच्या नावावर दुसरीकडे पक्कं घर नको. मग बाद करायचे निकष बघतात: तीनचाकी किंवा चारचाकी गाडी, ट्रॅक्टरसारखं यंत्र, ५० हजार किंवा त्यापेक्षा जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, घरात सरकारी नोकरी, महिना १५ हजाराच्या वर कमावणारं कोणी, सरकारकडे नोंदणी केलेला धंदा, इन्कम टॅक्स किंवा व्यवसाय कर भरणारं कोणी, अडीच एकर बागायत किंवा पाच एकर जिरायत जमीन. यातलं एक जरी असलं तरी नाव कटतं. मोटारसायकल आणि फ्रीज पूर्वी या यादीत होते, आता नाहीत, तरी गावात अजून लोक त्या भीतीने नावच देत नाहीत. तसं करू नका, नाव द्या.

इथे आज अर्ज दिला आणि उद्या मंजूर असं नसतं. सर्वेक्षणात नाव यावं लागतं. आवास प्लस ॲपवर घराचे फोटो, आधार आणि कुटुंबाची माहिती भरली जाते, मग पडताळणी होते, ग्रामसभेपुढे यादी येते आणि प्राधान्यक्रम लागतो. आधी बेघर, मग एक खोली, मग दोन खोल्या असा साधारण क्रम. माझं कळकळीचं सांगणं एवढंच की सर्वे आणि पडताळणी व्हायच्या आधी जुनं घर मोडू नका, फोटोत जे दिसतं त्यावरच सगळं ठरतं. गळत असेल तर वरून ताडपत्री टाका, सडलेले वासे बदला, घरात राहणाऱ्यांचा जीव आधी, पण अख्खं घर पाडून ठेवलंत तर कच्चं घर होतं हे दाखवणार कसं? ग्रामसभेला मात्र स्वतः जा. यादी वाचली जाते तेव्हा आपलं नाव नाही हे तिथल्या तिथे बोलून नोंदवून घेता येतं, नंतर पंचायत समितीत नुसते हेलपाटे होतात.

कागदपत्रं तशी थोडीच आहेत, आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, जॉबकार्ड, मोबाइल नंबर, आणि लागू असेल तर जातीचा दाखला. अडतं ते नावावर आणि जागेवर. आधारवर एक नाव, पासबुकात दुसरं, असं असेल तर पैसे लटकतात, कारण हप्ता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतो. घरकुल शक्यतो बाईच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर होतं, तेव्हा घरातल्या बाईचं खातं चालू आहे ना हे आधी बघा. जागेसाठी नमुना ८ चा उतारा (ग्रामपंचायतीतली घराची नोंद) किंवा सातबारा लागतो. घर आजोबांच्या नावावर असेल आणि चार भाऊ वाटेकरी असतील तर वारसनोंद आणि भावांची लेखी संमती आत्ताच करून घ्या, मंजुरी आल्यावर हे निघालं की महिने जातात. जागाच नसेल तर पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेबद्दल पंचायत समितीत विचारा. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना रमाई, आदिवासींना शबरी अशा राज्याच्या योजना पण आहेत, प्रधानमंत्री यादीत नाव नसेल तर तिकडे बघायचं.

मंजुरीनंतर पैसे एकरकमी मिळत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात, प्रत्येक टप्प्याला काम किती झालं त्याचा जिओटॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो, काढला जातो आणि मगच पुढचा हप्ता. मंजुरीपासून १२ महिन्यात घर पूर्ण करायचं असतं. बांधकाम लाभार्थ्यानेच करून घ्यायचं असतं, ठेकेदार नेमायचा नाही, म्हणून "सगळं मी बघतो, पासबुक माझ्याकडे द्या" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. अर्जाला फी नाही, कोणी मागितली तर गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.

हप्ता यायला वेळ लागतो, तेवढ्यात काम बंद पडू नये एवढी थोडी रक्कम हाताशी ठेवा. पाया दिवाळीनंतर काढला तर मृगाच्या आत स्लॅब पडतो, पावसात उघडं पडायची वेळ येत नाही. बांधकाम चालू असताना राहायचं कुठे हे पण तेव्हाच ठरवा. जुन्या घरातले चांगले वासे आणि बांबू फेकू नका, मागे गोठ्याला किंवा न्हाणीला लागतात.