जॉर्जियन की व्हिक्टोरियन? आधी खिडकी बघा

‘जॉर्जियन घर’ म्हटलं की काहींना जॉर्जिया देश आठवतो. त्याचा इथे काही संबंध नाही. १७१४ ते १८३० या काळात ब्रिटनच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले, त्यांच्या काळातली ही घरं. खरी गल्लत होते ती व्हिक्टोरियन, म्हणजे पुढे राणी व्हिक्टोरियाच्या काळात बांधलेल्या घरांशी. दोन्ही एकमेकांना चिकटून रांगेत उभी, दोन्हींच्या खिडक्या वरखाली सरकणाऱ्या.

तर त्या खिडक्यांची तावदानं मोजायची. जॉर्जियन खिडकीत बहुतेकदा वर सहा, खाली सहा, मधे बारीक लाकडी पट्ट्या. ही हौस नव्हती. वितळलेल्या काचेचा फुगा गरगरा फिरवून त्याची तबकडी करत आणि तिच्यातून तुकडे कापत. मोठा तुकडा निघणार कुठून? शिवाय काचेवर कर. तो १८४५ मध्ये उठला, मोठ्या काचा स्वस्त झाल्या आणि खिडकीच्या प्रत्येक भागात एक-दोनच तावदानं उरली. काच जड, पट्ट्या कमी. म्हणून सांधे बळकट करायला चौकटीच्या कोपऱ्यांना शिंगांसारखी टोकं ठेवू लागले. शिंगं दिसली की घर बहुधा व्हिक्टोरियन. बहुधाच, कारण पुढच्या मालकांनी जुन्या घरांच्या खिडक्याही सर्रास बदलल्या.

दुसरी खूण दर्शनी भागाची. व्हिक्टोरियन घर पुढे आलेली खिडकी, रंगीत विटा, नक्षी मिरवतं. लंडनमध्ये बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते घर व्हिक्टोरियनच. जॉर्जियन घराला मात्र समतोलाचं वेड. बाथ शहरातलं रॉयल क्रेसेंट (१७६७ ते १७७४) समोरून एकच अर्धवर्तुळाकार राजवाडा वाटतो. प्रत्यक्षात ती ३० घरं. मागे जाऊन बघा, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी! दर्शनी भिंत ठरलेली, मागचं ज्याने-त्याने आपल्या मनासारखं बांधून घेतलं.

इंग्लंडमध्ये १७०० ते १८५० मधल्या, मूळ रूप टिकवलेल्या बहुतेक इमारती संरक्षित यादीत येतात. त्यानंतरच्यांची निवड कडक होते. यादीतल्या घराचा आतला जिनासुद्धा परवानगीशिवाय बदलणं हा फौजदारी गुन्हा. क्रेसेंटमधल्या २२ नंबरच्या मालकीणबाईंनी १९७० च्या दशकात दार पिवळं रंगवलं, तर नगरपालिकेने ते पुन्हा पांढरं करायला सांगितलं. बाई हटल्या नाहीत. प्रकरण थेट मंत्र्यांपर्यंत गेलं आणि दार पिवळंच राहिलं.