पुंगळी, नळी आणि वेगाचा हिशेब

अमेरिकी सैन्याने १९०६ साली .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे काडतूस स्वीकारले, आणि त्याची पितळी पुंगळी, म्हणजे बंदुकीची दारू भरायचे आवरण, पुढे कितीतरी काडतुसांची जननी ठरली. ही पुंगळी ६३ मिलिमीटर लांब आणि तळाशी १२ मिलिमीटर रुंद असून तिच्या मानेत ७.८२ मिलिमीटर व्यासाची गोळी बसते. १९२० च्या सुमारास ॲडॉल्फ नीडनर या बंदूक-कारागिराने तीच मान आवळून तिच्यात साडेसहा मिलिमीटरची गोळी बसवली. १९२२ साली जेम्स हाऊ यांनी उलट मान रुंद करून नऊ मिलिमीटरची गोळी बसवली आणि त्या काडतुसाला शस्त्रविषयक लेखक टाउनसेंड व्हेलेन यांचे नाव दिले. कारखान्यात न बनणाऱ्या आणि प्रमाणित मापांच्या यादीत नसलेल्या अशा काडतुसांना अमेरिकेत ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर, म्हणतात. त्यांतली काही पुढे माणसाळतात: नीडनर यांचे काडतूस रेमिंग्टन कंपनीने .२५-०६ या नावाने १९६९ साली बाजारात आणले, तर .३५ व्हेलेनला ते भाग्य १९८८ साली लाभले.

स्वतःच्या मापाने रायफल बांधून घेणारा अमेरिकी शिकारी किंवा नेमबाज या रानमांजरांपैकी एखादे निवडायला बसतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा वेगाचा असतो. माझ्या मते वेगाचा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. आधी पुंगळीचे आकारमान आणि नळीचे छिद्र यांचा मेळ पाहावा, मग मूळ पुंगळी कोणती आणि ती किती काळ मिळत राहील याचा विचार करावा, आणि नंतर गोळीची लांबी व नळीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या सर्पिल खाचा, जुळवावा. या तीन गोष्टी ठरल्या की वेग आपोआप ठरतो, आणि मनात धरलेल्या आकड्यापेक्षा तो थोडा कमीच भरतो.

मान आवळल्याने नेमके काय बदलते, ते पाहू. .३०-०६ ची मान .२५ इंचापर्यंत आवळली तर पुंगळीत मावणारी दारू जवळजवळ तेवढीच राहते, पण छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे ते मूळच्या ७० टक्क्यांवर येते. .३५ इंचापर्यंत रुंद केली तर तेच क्षेत्रफळ १३५ टक्के होते. म्हणजे एकाच कोठारातला वायू एका रायफलीत अरुंद दारातून बाहेर पडतो आणि दुसरीत प्रशस्त दारातून. अरुंद छिद्रात हलक्या गोळीला मोठा वेग मिळतो हे खरे, मात्र त्यासाठी दारू सावकाश जळणारी लागते, नळी लांब लागते, आणि दारूचे वजन गोळीच्या वजनाच्या पुढे जाऊ लागले की बरीचशी ऊर्जा गोळीऐवजी त्या वायूलाच पुढे ढकलण्यात खर्ची पडते. वायूच्या प्रसरणाच्या वेगालाही मर्यादा असतेच. म्हणून दारू वाढवत गेले तरी वेग त्या प्रमाणात वाढत नाही.

ही मर्यादा किती कठोर आहे, ते पी. ओ. ॲकली यांच्या एका प्रयोगातून दिसते. कोलोरॅडो राज्यातल्या ट्रिनिडाड येथे पूर्वी बंदूककाम शिकवलेल्या ॲकली यांनी १९६० च्या दशकात .३७८ वेदरबी मॅग्नम या हत्तीच्या शिकारीच्या काडतुसाची मान थेट .२२ इंचापर्यंत आवळली. सेकंदाला ५,००० फूट हा टप्पा ओलांडणे हे उद्दिष्ट होते. छिद्राचे क्षेत्रफळ मूळच्या जेमतेम ३६ टक्के उरले, दारू प्रचंड होती, गोळी अवघी सव्वातीन ग्रॅमची होती, आणि तरीही वेग सुमारे ४,६०० फुटांवर थांबला. वेगाचा पाठलाग कुठे संपतो हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी मला हा प्रयोग शंभर तक्त्यांहून मोलाचा वाटतो.

या पाठलागाची किंमत नळी मोजते. चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, संपून नळीचा पीळ जिथे सुरू होतो, त्या भागाला घसा म्हणतात. बारीक दुर्बिणीने घशाचे निरीक्षण केले तर नव्या नळीत पिळाच्या कडा करकरीत दिसतात आणि त्यांच्यामधले पोलाद आरशासारखे चकाकते. मोठी पुंगळी आणि अरुंद छिद्र असलेल्या रायफलीत शेकडो बार झाल्यावर तिथेच मगरीच्या पाठीसारखी भेगांची जाळी उमटू लागते, कारण प्रत्येक बारागणिक पोलादाचा अगदी वरचा थर क्षणात तापतो, फुगतो आणि तितक्याच लवकर निवतो. पुढे भेगांच्या कडा झिजतात, पिळाची सुरुवात पुढे सरकते, गोळीला पीळ पकडण्याआधी जास्त अंतर मोकळे धावावे लागते आणि नेम विस्कटतो. वर्षातून काही मोजके बार काढणाऱ्या शिकाऱ्याला हे परवडेल, पण दर आठवड्याला सराव करणाऱ्या नेमबाजाने नळी बदलण्याचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा.

मान न बदलता पुंगळीचे अंग सरळ करणे आणि खांदा, म्हणजे अंग व मान यांच्यामधला उतार, उभा करणे हा दुसरा मार्ग आहे. ‘ॲकली इम्प्रूव्ह्ड’ म्हणून ओळखला जाणारा हा वर्ग आजही लोकप्रिय आहे. साधी .२८० रेमिंग्टन आणि तिच्यापासून तयार झालेली ॲकली पुंगळी शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक चटकन कळतो: पहिलीचे अंग वर निमुळते होत जाते आणि खांदा साडेसतरा अंशांनी उतरतो, दुसरीचे अंग जवळजवळ सरळ असते आणि खांदा ४० अंशांचा, कोरून काढल्यासारखा असतो. मूळ पद्धतीत हा आकार कोणत्याही साच्यात दाबून दिलेला नसतो. मूळ काडतूस मोठ्या चेंबरमध्ये घालून बार काढला की वायूच्या दाबाने पितळ फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटते, किंचित आकसते आणि चेंबरचा आकार घेऊन बाहेर येते.

या क्रियेत एक धोका दडलेला असतो. काडतूस चेंबरमध्ये मागेपुढे सैल असेल तर पुंगळीचा पातळ पुढचा भाग भिंतीला चिकटून राहतो, जाड तळ मागे रेटला जातो आणि तळाच्या किंचित वरचे पितळ ताणले जाऊन पातळ होते. तिथे पुंगळी तुटली तर तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. म्हणूनच ॲकली यांच्या पद्धतीत चेंबर मूळ मापापेक्षा सुमारे ०.१ मिलिमीटरने आखूड ठेवतात, म्हणजे मूळ काडतूस मान आणि खांदा यांच्या सांध्यावर हलकेच आवळले जाते.

एवढे करून मिळते काय? पुंगळीचे आकारमान जितके टक्के वाढेल त्याच्या चौथ्या हिश्श्याइतका वेग वाढतो, हा जाणकारांचा ठोकताळा आहे. ॲकली खांद्यामुळे .२८० मध्ये सुमारे पाच-सहा टक्के जागा वाढते, तेव्हा वेग दीड टक्क्याच्या आसपास वाढायला हवा. प्रत्यक्षात जाहीर होणारे आकडे याहून मोठे असतात, आणि त्यामागचे कारण दाबाच्या मर्यादेत आहे. अमेरिकी प्रमाणानुसार .२८० रेमिंग्टनची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे, तर २००८ साली प्रमाणित झालेल्या .२८० ॲकलीची ६५,००० पौंड. वाढीव वेगाचे मोठे श्रेय या जास्तीच्या दाबाला आहे. उभ्या खांद्याचा फायदा मला वेगापेक्षा दुसरीकडे दिसतो: पुंगळी वापरागणिक कमी लांबते आणि जास्त वेळा वापरता येते.

काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. थंड स्थितीत ते वारंवार वाकवले की कडक होत जाते आणि त्याच्या आत ताण साठून राहतो. या ताणाचा इतिहास हिंदुस्थानाशी जोडलेला आहे. ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली जात आणि ऋतू पालटेपर्यंत त्यांतली अनेक आपोआप तडकलेली आढळत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पितळेतला साठलेला ताण मिळून हे घडते, असे १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवले. धातुशास्त्रात या दोषाला आजही ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे ऋतूची तडक, म्हणतात. मान आवळून बनवलेल्या पुंगळीत हा ताण अधिक असतो, त्यामुळे तिची मान तापवून मऊ करावी लागते. चांगल्या पुंगळीच्या मानेवर दिसणारा निळसर-तपकिरी पट्टा ही त्या तापवण्याचीच खूण होय.

मूळ पुंगळी निवडताना रायफलीच्या बोल्टचे, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचे, तोंड पाहावे लागते. जर्मनीच्या १८९८ च्या माउझर रायफलीच्या काडतुसापासून .३०-०६ आणि .३०८ पर्यंतच्या मोठ्या घराण्याचा तळ १२ मिलिमीटरचा आहे, आणि या घराण्यातली पुंगळी घेतली तर बोल्टला हात लावावा लागत नाही. .३०८ ची पुंगळी ५१ मिलिमीटरची असल्याने आखूड यंत्रणेतही बसते. तिची मान आवळून १९५५ साली .२४३ विंचेस्टर आणि १९८० साली ७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन ही काडतुसे बाजारात आली. ज्या गोष्टीसाठी रानमांजर पाळायचे, ती अशा प्रमाणित काडतुसात आधीच मिळत असेल तर वेगळी वाट का धरावी, याचे उत्तर बांधणाऱ्याजवळ असायला हवे. असे उत्तर १९७५ साली लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांच्याजवळ होते. त्यांना वेग नको होता, एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणारी गोळी हवी होती, म्हणून त्यांनी .२२० रशियन या छोट्या पुंगळीपासून आखूड आणि रुंद असे ६ मिलिमीटर पीपीसी घडवले. अचूकतेच्या स्पर्धांत त्याने पुढे वर्षानुवर्षे राज्य केले.

पिळाचा हिशेब सोपा आहे, तरी तोच अनेकदा चुकतो. १८७९ साली जॉर्ज ग्रीनहिल यांनी मांडलेल्या सूत्रानुसार व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून गोळीच्या लांबीने भागले की पिळाच्या एका फेऱ्याची लांबी मिळते, मापे इंचांत. .२२ ची गोळी ०.७ इंच लांब असेल तर पावणेअकरा इंचांत एक फेरा पुरतो, तीच एक इंच लांब असेल तर साडेसात इंचांत लागतो. जुन्या .२२-२५० रायफलींना चौदा इंचांचा पीळ असे, म्हणून आजच्या लांबट गोळ्या त्यांतून सुटताच डगमगतात.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्र किंवा दारूगोळा परवान्याविना बनवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे हे सारे आपल्याकडे अभ्यासापुरतेच. अमेरिकेतला जबाबदार कारागीर काम संपवताना चेंबरचे पूर्ण नाव नळीवर कोरतो, कारण पुढच्या मालकाने दिसायला सारखे पण मापाने वेगळे काडतूस त्यात घातले तर अपघात होऊ शकतो. नाव नसलेली जुनी रायफल हाती आली तर उकळत्या पाण्याहूनही कमी तापमानाला वितळणारा बिस्मथचा मिश्रधातू चेंबरमध्ये ओतून त्याचा ठसा काढतात, आणि मान, खांदा व अंग यांची मापे त्या ठशावरून घेतात.