फोन ‘अनलॉक’ करायचाय? आधी विचारा, कुठलं कुलूप!

चवथीला नाहीतर नाताळाला तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, घरी येतो, बॅगेत मायामीला घेतलेला आयफोन असतो आणि दोन दिवसांत धाकटा भाऊ तो घेऊन म्हापशाला किंवा मडगावात दुकानाच्या काउंटरवर उभा. “हा अनलॉक करून द्या.” दुकानदार विचारतो, “नेटवर्क की जेलब्रेक?” भाऊ म्हणतो, “जे स्वस्त पडेल ते.”

ही दोन वेगळी कामं आहेत. नेटवर्कचं कुलूप मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीचं असतं: फोन आम्ही सवलतीत दिलाय, तेव्हा सिम आमचंच चालेल. दुसरं कुलूप फोन बनवणाऱ्याचं. सिस्टीमच्या गाभ्यात मालकानेही हात घालू नये म्हणून ते घातलेलं असतं. हे दुसरं कुलूप काढण्याला आयफोनवर जेलब्रेक म्हणतात. अँड्रॉइडवर त्याचे दोन टप्पे होतात, आधी बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक आणि मग रूट, म्हणजे सिस्टीमवर पूर्ण ताबा.

नावांचा घोळ उगाच झालेला नाही. पहिला आयफोन २००७ साली अमेरिकेत फक्त एटी अँड टीच्या नेटवर्कवर मिळायचा. पुढच्या काही मॉडेलांवर दुसरं सिम चालवायला आधी जेलब्रेक करावं लागे, मग सिडिया या जेलब्रेकवाल्यांच्या ॲप-दुकानातून अल्ट्रास्नो नावाचं सॉफ्टवेअर घालावं लागे. एका कामासाठी दुसरं करावंच लागायचं, म्हणून लोकांच्या तोंडी दोन्हींना एकच शब्द बसला. आता तसं काही उरलेलं नाही. आज नेटवर्क अनलॉकसाठी कुणी जेलब्रेक सुचवत असेल तर फोन परत खिशात घालावा.

नेटवर्कचं कुलूप

ते आहे की नाही हे बघायला अर्धा मिनिट पुरतो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडा आणि खाली ‘कॅरिअर लॉक’ शोधा. समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तर कुलूप नाही, विषय संपला. अँड्रॉइडमध्ये सगळीकडे सारखी जागा नाही. सरळ आपलं सिम घाला. कुलूप असलं तर बहुतेक फोन नेटवर्क अनलॉकचा पिन मागतात. अंदाजाने आकडे मारू नका. प्रयत्न मोजके मिळतात, ते संपले की बऱ्याच फोनांत खरा कोडही चालत नाही.

आयफोनला कोड बिड काही नसतो. फोन ज्या कंपनीकडून विकला गेला तिने ॲपलच्या सर्व्हरवर त्याच्या आयएमईआयची, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाची, नोंद बदलायची, आपण नवं सिम घालून फोन इंटरनेटला जोडायचा. आतलं सॉफ्टवेअर जसंच्या तसं राहतं. डेटा जात नाही, बँकेचं ॲप तक्रार करत नाही, पुढचे अपडेट येत राहतात. म्हणूनच या कामात फोनला जवळपास धोका नाही. धोका आहे तो खिशाला.

अडचण अशी की ही नोंद दुकानदार बदलू शकत नाही. मूळ कंपनी बदलते, आणि तिच्या अटी असतात: हप्ते फिटलेले हवेत, फोन चोरीचा नको. अमेरिकेतल्या प्रीपेड फोनांवर बहुधा त्याच कंपनीचं सिम घालून काही महिने पैसे भरून वापर केलेला लागतो. बोटीवरचा माणूस स्वस्त दिसला म्हणून तो प्रीपेड फोन उचलतो, एक दिवसही ते सिम वापरत नाही आणि घरी आल्यावर कळतं की अट पुरी होण्याची सोयच नाही. ब्रिटनमधल्या स्विंडनहून येणाऱ्या फोनांचं त्या मानाने बरं आहे. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायलाच बंदी आहे. त्याआधीचा जुना फोन असेल तर मात्र तपासून घ्या.

मग दुकानात ‘चिप लावून’ देण्याची गोष्ट निघते. ही चिप म्हणजे नखाएवढी पातळ पट्टी. ती सिमसोबत ट्रेमध्ये बसते आणि फोनला खोटं सांगते की आत मूळ कंपनीचंच सिम आहे. फोन चालतो, पण कुलूप तसंच राहतं. अपडेट आला की रेंज जाते, कधी मेसेज अडकतात, बॅटरीही लवकर उतरते. त्यात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही, सगळं ई-सिमवर. तिथे ही पट्टी बसवणार कुठे? असा फोन कुलूप नसलेला असेल तर एअरटेल, जिओ किंवा व्हीआयचं ई-सिम घेऊन नीट चालतो.

आयएमईआय बदलून देतो म्हणणाऱ्याच्या दुकानात तर थांबूच नये. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुना फोन घेताना *#०६# दाबून आलेला पंधरा आकडी क्रमांक केवायएम (KYM) या अक्षरांपुढे एक जागा सोडून लिहा आणि १४४२२ वर एसएमएसने पाठवा. तो क्रमांक भारतात ब्लॉक केलेला किंवा दुसऱ्या फोनवर वापरात असेल तर उत्तरात कळतं.

बनवणाऱ्याचं कुलूप

इथे सगळंच उलटं. परवानगी कुणाची लागत नाही (काही कंपन्या सोडून), पण फोनच्या आत फरक पडतो, काही फोनांत कायमचा.

फोन चालू होताना एक साखळी चालते. चिपमधला पहिला कोड बूटलोडरवरची कंपनीची डिजिटल सही तपासतो, बूटलोडर सिस्टीमवरची. सही जुळली नाही तर पुढे जायचं नाही. बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे त्याला सांगणं की यापुढे सही बघू नकोस. गुगलच्या पिक्सेल फोनवर रीत अशी: अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करा, फोन फास्टबूटमध्ये (सिस्टीम सुरू होण्याआधीच संगणकाच्या आज्ञा घेणारा मोड) नेऊन संगणकावरून ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ ही आज्ञा द्या. त्या क्षणी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हे मुद्दाम केलेलं आहे. तसं नसतं तर फोन चोरणाऱ्याने कुलूप काढून आपली सिस्टीम घातली असती आणि तुमचे फोटो आरामात बघितले असते. म्हणून ‘डेटा न जाता रूट करून देतो’ असं कुणी म्हटलं तर त्याला या कामाची माहिती नाही, किंवा बॅकअपच्या नावाखाली तुमचा डेटा त्याच्या संगणकावर उतरणार आहे.

रूटसाठी मॅजिस्क नावाचं ॲप वापरतात. फोनच्या सॉफ्टवेअरमधली बूटची फाइल काढायची, मॅजिस्कने तिच्यात बदल करायचा आणि ती परत फोनवर चढवायची. पिक्सेल ६ पर्यंत ही फाइल ‘बूट’, पिक्सेल ७ पासून ‘इनिटबूट’. सगळ्यात जास्त फोन इथेच अडकतात. फाइलचा आणि फोनचा बिल्ड नंबर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक, अक्षरन् अक्षर जुळायला हवा. गेल्या महिन्याच्या बिल्डची फाइल या महिन्याच्या फोनवर चढवली की फोन लोगोपर्यंत येतो, परत बंद होतो, परत लोगो. तो मेलेला नसतो. मूळ, बदल न केलेली फाइल फास्टबूटमधून परत चढवली की उठतो, म्हणून ती फाइल आधीच हाताशी ठेवावी. आणि पावसाळ्यात हे काम डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय करू नये. बूटलोडरचीच फाइल चढत असताना वीज गेली तर मात्र फोन खरोखर मरू शकतो.

जुनी आवृत्ती परत घालण्याचा नाद तर सगळ्यात वाईट. शाओमीच्या काही फोनांत मागे न जाण्याचा अडसर असतो, कमी क्रमांकाचं सॉफ्टवेअर चढवलं की फोन पूर्ण बंद. मग तो ईडीएल या चिपच्या आणीबाणीच्या मोडमधूनच उठतो आणि त्यासाठी कंपनीचं अधिकृत खातं लागतं.

सॅमसंगमध्ये तर परतीची वाटच नाही. परकी फाइल चढली की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा चिपमधला फ्यूज जळतो, खूण ० ची १ होते, आणि मूळ सॉफ्टवेअर परत घातलं तरी ती १ च राहते. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगची पैसे देण्याची सोय त्या फोनवर कायमची बंद.

रोजच्या वापरात आधी दुखतं ते बँकेचं. बऱ्याच बँकांची ॲप आणि काही यूपीआय ॲप रूट केलेला फोन ओळखतात आणि उघडायलाच नकार देतात. लपवायची साधनं आहेत, पण गुगलची तपासणी आता चिपमधल्या किल्लीपर्यंत पोचली आहे. आज लपलं म्हणून उद्या लपेलच असं नाही. काजूची पावती करताना गिऱ्हाईक समोर उभं आणि ॲप उघडत नाही, ही वेळ दुकानदाराला परवडत नाही. नेटफ्लिक्सची स्पष्टताही बऱ्याच फोनांवर ४८०पी पर्यंत घसरते, कारण चित्राची सुरक्षित किल्ली बूटलोडर उघडा दिसला की काम करत नाही.

आयफोनवर धोका वेगळ्या दिशेने येतो. २०१९ साली चेकएमएट हा दोष उघड झाला, तो चिपच्या कायमच्या कोडमध्ये असल्याने अपडेटने बुजत नाही. पण त्यावरचं जेलब्रेक आयफोन एक्सपर्यंतच चालतं, फोन बंद-चालू झाला की परत संगणक लागतो, आणि ८, ८ प्लस व एक्सवर पासकोडच बंद ठेवावा लागतो. पासकोड नसलेल्या फोनमध्ये आधार, फोटो आणि यूपीआय घेऊन फिरायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. जेलब्रेक केलेल्या फोनांवर २००९ साली किडा पसरला तो केवळ दूरून आत शिरण्याचा मूळ पासवर्ड, ‘अल्पाइन’, लोकांनी बदलला नव्हता म्हणून. २०१५ मध्ये कीरेडर नावाच्या घातक सॉफ्टवेअरने अशाच फोनांमधून सव्वादोन लाखांहून अधिक ॲपल खाती चोरली.

दोन्ही कुलुपं एकाच फोनवर

अमेरिकेत व्हेरायझन या मोबाइल कंपनीने विकलेला पिक्सेल हे चांगलं उदाहरण. त्याचं नेटवर्कचं कुलूप निघालं, फोन पणजीत कुठल्याही सिमवर मजेत चालतो, पण ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटण करडंच राहतं. बूटलोडर उघडत नाही. जाहिरातीत ‘फॅक्टरी अनलॉक्ड’ लिहिलेलं असतं ते फक्त पहिल्या कुलुपाबद्दल.

दुसऱ्या कुणी आधीच उघडलेला अँड्रॉइड फोन ओळखणं सोपं आहे. विकत घेण्याआधी समोर बंद करून चालू करून बघा. लोगोआधी बूटलोडर उघडा असल्याचा इशारा इंग्रजीत झळकला तर तो उघडा आहे. परत कुलूप लावायचं असेल तर आधी त्याच मॉडेलचं पूर्ण मूळ सॉफ्टवेअर चढवा, फोन एकदा नीट चालू करून बघा, मगच लॉकची आज्ञा द्या. तेव्हाही डेटा परत पुसला जातो. मॅजिस्क आत ठेवून घाईने कुलूप लावलं, तर सही जुळत नाही, फोन पुढे जात नाही, आणि ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करायला सेटिंग्जमध्येही पोचता येत नाही.